मावळांत जुन्या रुप्याची पारख

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीनें मळवलीस उतरलें, म्हणजे डाव्या हातास भाजें, लोहगड व विसापूर आणि उजवीकडे हमरस्त्यापलीकडे कार्ल्याचा डोंगर दिसतो. बहुतेक मंडळी एकवीरेचें दर्शन घेऊन, चैत्यगृहांत घटकाभर विसावून, लोणावळ्याची चिक्की बांधून परततात. या खेपेस आम्ही आमच्या पुतण्यास मुद्दाम तेथील लेख दाखविण्यास नेलें होतें. त्यास जुनीं चांदीचीं नाणीं जमविण्याचा छंद लागला आहे. आणि आमचें मत असें कीं, नाण्याची पारख शिकावयाची तर पहिला धडा कार्ल्यास घ्यावा.

तेथें क्षहरात नहपानाचा जामात उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. वलूरकाच्या, म्हणजे याच लेण्यांतील, भिक्षूंस करजिक गांव दिल्याचें त्यांत नमूद आहे. दुसऱ्या एका लेखांत तेंच गांव नव्या राजाच्या आज्ञेनें त्याच लेण्यांतील भिक्षूंस पुन्हा दिलें असून, ती आज्ञा मामाल येथील अमात्यास उद्देशून आहे. मामाल म्हणजे आपलें मावळ. राजाचें नांव झिजलें आहे. तथापि विद्वान् तो गौतमीपुत्र सातकर्णि मानतात.

दानाचें जें झालें, तेंच नाण्यांचें झालें. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं १३,००० हून अधिक रौप्य नाणीं सांपडलीं. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचें चिन्ह. या नव्या छापाखालून नहपानाच्या मुखाची कड किंवा ग्रीक अक्षराचा तुकडा डोकावतो. तो तुकडा घासून गेला, तर चांदी उरेल, इतिहास जाईल. पाणिनीनें 'रूप्य' हा शब्द 'रूप' यापासून 'आहत', म्हणजे ठोकून छाप उठविलेलें, या अर्थानें साधला आहे. कौटिल्यानें नाणीं पारखणारास 'रूपदर्शक' म्हटलें आहे. चांदी सराफहि पाहतो. रूप पाहणें हें निराळें काम.

डोंगर उतरल्यावर एका इसमानें फडक्यावर नाणीं मांडलेलीं दिसलीं. पुतण्यानें राणीछाप रुपया उचलून विचारलें, "काका, घेऊं का?"

आम्ही म्हटलें, "आधीं कड पाहा, मग तोंड."

कडेवर बारीक सांधा दिसला. सांच्यांत ओतलेल्या खोट्या नाण्यास असा सांधा राहतो, अक्षरें बोथट येतात व पृष्ठावर बुडबुड्यांचे टोंचे दिसतात. टाकसाळींत ठोकलेल्या नाण्याचीं अक्षरें झिजलीं तरी त्यांचा पाया स्वच्छ असतो. शिवाय राणीच्या रुपयावर १८७७ पासून 'एम्प्रेस' आहे, त्यापूर्वीं 'क्वीन'. या रुपयावर 'एम्प्रेस' आणि साल १८६२! शेजारीं राम-सीतेचें चित्र व कंपनीचें नांव असलेलें, १६१६ साल घातलेलें नाणें होतें. कंपनी सरकारनें असें नाणें कधींच पाडलें नाहीं.

घरीं करण्याजोगी परीक्षा वजनाची. १८३५ पासून कंपनीचा रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी. झिजेनें थोडें वजन घटतें, वाढत मात्र नाहीं. पूर्ण वजनाचा रुपया दोऱ्यानें टांगून पाण्यांत तोलला, तर सुमारें १.१३ ग्रॅम हलका भरतो. तितक्याच वजनाचें जर्मन सिल्व्हर असेल, तर घट १.३ ग्रॅमांच्या वर जाते. १९४० ते १९४५ सालच्या रुपयास मात्र हा हिशेब लावूं नये. त्यांत चांदी निम्मीच आहे.

तिसरा रुपया खरा होता, पण आरशासारखा लखलखीत. भिंगांतून पाहतां सर्वत्र एकाच दिशेचे बारीक ओरखडे, आणि वरच्या कडेस कडी काढल्यावर राहिलेला डाखाचा डाग. न घासलेल्या जुन्या नाण्याच्या खोलगट भागांत काळिमा राहतो व उंचवटे उजळ असतात. घासलेलें नाणें सर्वत्र सारखेंच चकाकतें. अशा नाण्यास चांदीच्या भावाहून अधिक देऊं नये. आणि कोणी 'शेतांत सांपडलें' म्हणून कांहीं दाखवील, तर हातहि लावूं नये. १८७८ च्या कायद्यानें दहा रुपयांवरील भूमिगत ठेवा कलेक्टरास कळवावा लागतो.

पुतण्यानें कांहींच घेतलें नाहीं. पण वाटेनें तो गप्प होता. मग म्हणाला, "काका, आईचे पांच रुपये?" आमच्या वहिनींजवळ माहेरचे पांच राणीछाप रुपये आहेत. येत्या लक्ष्मीपूजनास ते चिंचेनें व रांगोळीनें घासून पांच नातवंडांस द्यावयाचे, असा त्यांचा बेत होता.

घरीं आल्यावर विषय निघाला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, काळे रुपये मुलांच्या हातीं कसे द्यायचे? लक्ष्मी का काळी असते?"

प्रश्न रास्त होता. आम्ही सांगितलें कीं, तो काळिमा मळ नव्हे. हवेंतील गंधकाच्या अंशाशीं चांदीचा संयोग होऊन तो थर बनतो. रांगोळीनें तो काढतांना खालचें रूपहि खरवडलें जातें, आणि चिंचेचें आम्ल पृष्ठावरील तांबें खाऊन नाणें निस्तेज करतें. साध्या पाण्यानें धुवावें, मऊ फडक्यानें न घासतां टिपावें, कडेनें धरावें, कागदाच्या पाकिटांत ठेवावें. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवींत नको.

वहिनींनीं थोडा विचार केला. मग पूजेस चांदीचें नवें नाणें आणावयाचें ठरविलें. घासावें तें तेंच. माहेरचे पांच रुपये पांच पाकिटांत घालून प्रत्येकावर त्यांनीं स्वतःच्या अक्षरांत आपल्या आईचें नांव व गांव लिहिलें.