नारळाच्या झाडाखालचं तारघर

अंदमान म्हटलं की मराठी माणसाला आधी सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी आठवते. आम्हीही पहिल्याच दिवशी तिथं जाऊन हात जोडून आलो. पण आमच्या प्रवासाचं निमित्त जरा निराळं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरात मी, आमचे हे आणि दोन तरुण मित्र असे चौघं पोर्ट ब्लेअरला गेलो, ते मोर्सच्या जागतिक स्पर्धेसाठी! (या शहराचं नाव २०२४ साली श्री विजयपुरम झालं.)

मोर्स म्हणजे तारेची कड-कट्ट भाषा. १९७९ साली मी एका तालुक्याच्या गावी तारघरात लागले, तेव्हा ती शिकले. लग्न, जन्म, मृत्यू, 'ताबडतोब निघा'... सगळं या बोटांतून गेलं. पुढे फोन घरोघर आले आणि जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवाच बंद झाली. वाटलं, संपली आपली विद्या. निवृत्तीनंतर ह्यांच्या नादानं मी हौशी रेडिओची परीक्षा दिली, तेव्हा कळलं की ती संपलेली नाही. या छंदातल्या मंडळींना 'हॅम' म्हणतात. घरात रेडिओयंत्र, छतावर तार, आणि सरकारी परवाना घेऊन जगभर गप्पा! त्यातले हजारो जण आजही मोर्सच वापरतात, कारण बोलणं ऐकू येत नाही इतका क्षीण आवाज असला, तरी मोर्सचा सूर कानाला लागतो.

दर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी यांची मोठी स्पर्धा भरते. सलग ४८ तास. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला समाप्त. खेळ सोपा वाटतो. आपण आपलं नाव पुकारायचं, समोरच्यानं त्याचं सांगायचं, मग दोघांनी एकमेकांना आवाजाचे गुण आणि आपल्या विभागाचा आकडा द्यायचा. अंदमानचा विभाग २६. गुण म्हणून सगळेच ५९९ देतात, आणि वेळ वाचावा म्हणून ९ च्या जागी 'एन' हे छोटं अक्षर वाजवतात. दुसऱ्या खंडातला माणूस भेटला तर तीन गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचा भेटला तर एक. शिवाय जितके वेगळे देश आणि विभाग मिळतील, तितक्यांनी एकूण गुणांना गुणायचं.

यातच बेटाची मेख आहे. स्पर्धेच्या यादीत अंदमान-निकोबार भारतापासून वेगळं मोजतात. इथून बोलणारे थोडे, म्हणून आपण पुकारा केला की जगभरातून झुंबड उडते. मुंबईत बसून हाका माराव्या लागतात, अंदमानात लोक आपल्याला हाका मारतात! त्यात समुद्राचं खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. त्यामुळे किनाऱ्यालगत उभ्या केलेल्या तारेतून निघालेल्या लहरी क्षितिजालगत लांबवर जातात.

आम्ही गावाबाहेर किनाऱ्याजवळ एका बंगाली बाईंच्या घरी उतरलो. त्या मला दीदी म्हणत, मी त्यांना. शेजारच्या मुलानं सुतळीला दगड बांधून नारळाच्या शेंड्यावरून टाकला आणि आमची तार वर गेली. हवा इतकी दमट, की मीठसुद्धा ओलं होतं. यंत्र मी जुन्या सुती साडीत गुंडाळून, तांदळाच्या पुरचुंड्या घालून नेलं होतं. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. जागरणात तेलकट खाल्लं की डोळे मिटतात, हे मी रात्रपाळीत शिकलेली.

अंदमान इतकं पूर्वेला, की नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत मावळतो. म्हणजे सूर्य वर आला आणि स्पर्धा सुरू झाली! सकाळी जपानची गर्दी, दुपारनंतर युरोपची. आजकाल पाठवायचं काम संगणक करतो, ऐकायचं मात्र कानालाच लागतं. तारघरात लोखंडी खटखट असे, इथे शिट्टीसारखा सूर. पण दोन तासांत कान ओळखीचे झाले. रविवारी पहाटे माझ्या पाळीला गर्दीखालून एक कापरा सूर आला. अमेरिकेचा पूर्व किनारा! तिथून इथला जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाजवळून जातो, आणि तिकडून आलेला आवाज असा थरथरतो. तीनदा विचारून त्याचं नाव पुरं केलं. समोरच्याला माझं वय ठाऊक नाही, बाई की पुरुष ठाऊक नाही. त्याला फक्त हात नीट हवा.

दुपारी दीदी चहा घेऊन आल्या नि म्हणाल्या, "हा एवढा जिवाचा आटापिटा कशासाठी हो?"

मी त्यांना भारती प्रसाद यांची गोष्ट सांगितली. दिल्लीच्या या बाई डिसेंबर २००४ मध्ये साथीदारांसह पोर्ट ब्लेअरला आल्या होत्या. १९८७ नंतर पहिल्यांदाच अंदमानातून हौशी रेडिओ बोलत होता, आणि जगभरचे हॅम त्यांच्याशी दोन शब्द बोलायला धडपडत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमाराला भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. बाईंनी छंद बाजूला ठेवून तेच यंत्र मदतीला लावलं. बेटावरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या घरांना कळवली. दीदी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवसांत कोलकात्याच्या मुलीला माझा फोन लागत नव्हता. तिनं मला मेलेलंच धरलं होतं."

मग मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. अठ्ठेचाळीस तासांचा हा खेळ म्हणजे तालीमच. गोंगाटातून एक क्षीण आवाज ओळखायचा, अर्धं नाव ऐकून अंदाजानं पुरं न करता पुन्हा विचारायचं, झोप आली तरी नोंद चोख ठेवायची. संकटात याचाच उपयोग होतो, आणि ते आयत्या वेळी शिकता येत नाही.

आमचा नंबर वरच्या यादीत आला नाही, पण बक्षिसासाठी आम्ही गेलोच नव्हतो. मैत्रिणींनो, तुम्हाला किंवा तुमच्या मुलींना ही हौस वाटली, तर केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. शाळकरी मुलांनाही बसता येतं. अंदमानातून बोलायला मात्र परवानगीची कागदपत्रं कित्येक महिने आधीपासून जमवायला हवीत. तोवर घरी रोज पंधरा मिनिटं पाच-पाच अक्षरं कानानं शिका. कागदावर बिंदू-रेषा पाठ करू नका, सूर पाठ करा. पोळ्या लाटताना हात आपोआप चालतो ना, तसा काही दिवसांत कान चालू लागतो.