‘नॉट आउट’चा अर्थ

आमच्या घरी एक जुनी दोनशे पानी वही आहे. पुठ्ठा निघालेला, कोपरे दुमडलेले. तिच्यात मी इंग्रजीतले वाक्प्रचार लिहून ठेवले आहेत. मुलगी शाळेत असताना तिने एकदा विचारले, "पप्पा, पहिल्या पानावर एकच वाक्य का लिहिलंय?" तेव्हा मी उत्तर टाळले. आज ते उत्तर लिहितो आहे. आपल्या घराघरांत शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्याही ते उपयोगी पडेल.

गोष्ट १९८९ सालची. आमचे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांची गिरणी सुटली ती कायमचीच. पुढे ते एका इमारतीवर रात्रपाळीचे वॉचमन झाले. नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीत आम्ही सहा माणसे राहत होतो. मी बी.ए. झालो, टायपिंगची परीक्षा दिली आणि एका कचेरीत क्लार्क म्हणून चिकटलो. घरातला पहिला पदवीधर! वडिलांनी माझे सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावले होते. कोणी पाहुणा आला की त्याला आधी ते दाखवायचे, मग चहा.

आम्ही मराठी शाळेत शिकलेलो. इंग्रजी पाचवीपासून सुरू झाले. व्याकरण पाठ, स्पेलिंग पाठ, पत्रलेखन पाठ. इंग्रजी मजकूर मी बिनचूक टाइप करत असे. पण समोरचा माणूस भराभर इंग्रजी बोलू लागला की पोटात गोळा येई. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. इस्पितळात दाखल केले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील उठून बसले, दोन घोट चहा प्यायले, आईशी चार शब्द बोलले. आई तीन दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून होती. तिच्या पायांना सूज आली होती. तेवढ्यात तरुण डॉक्टर बाहेर आले. ते मराठी नव्हते. त्यांनी हिंदीत विचारले, "पढ़े-लिखे हो?" आजूबाजूला चाळीतली चार माणसे उभी होती. मी छाती काढून म्हणालो, "येस डॉक्टर, आय अ‍ॅम अ ग्रॅज्युएट."

मग ते इंग्रजीतच बोलले. बोलता बोलता म्हणाले, "ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट." आणि पुढच्या पेशंटकडे निघून गेले.

वुड म्हणजे लाकूड, एवढे मला ठाऊक होते. लाकडातून बाहेर नाही? काही अर्थ लागेना. पण त्यातले दोन शब्द माझ्या ओळखीचे होते, ‘नॉट आउट’. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. नॉट आउट म्हणजे खेळाडू टिकून आहे, विकेट वाचली!

"काय म्हनला रं डाक्टर?" आईने विचारले.

"काळजीचं कारण नाही आई. बाबा नॉट आउट आहेत. तू घरी जा, जरा पाठ टेक."

डॉक्टरांच्या मागे धावून "म्हणजे काय?" असे विचारता आले असते. दहा पावलांचे अंतर होते. पण नुकतेच मी स्वतःला ग्रॅज्युएट म्हणवून घेतले होते. आता कोणत्या तोंडाने विचारणार? आई घरी गेली. चाळीतली माणसेही पांगली. पहाटे चारच्या सुमाराला वडिलांना दुसरा झटका आला आणि ते गेले. मी जवळ होतो, आई नव्हती. पस्तीस वर्षांचा संसार केलेली बाई शेवटच्या घटकेला नवऱ्याजवळ नव्हती, आणि त्याला कारण माझे इंग्रजी होते.

कामावर रुजू झाल्यावर मी आमच्या हेडक्लार्कना ते वाक्य विचारले. वाक्य मात्र माझ्या लक्षात अक्षर न् अक्षर राहिले होते. ते म्हणाले, "अहो, वुड्स म्हणजे रान. रानात वाट चुकलेला माणूस रानाबाहेर पडेपर्यंत सुरक्षित नसतो. ते तुम्हाला सांगत होते, धोका अजून टळलेला नाही." मी खुर्चीत बसून राहिलो. त्या दिवशी सुटल्यावर वही विकत घेतली आणि पहिल्या पानावर ते एकच वाक्य लिहिले.

वही भरत गेली तशी एक गोष्ट ध्यानात आली. वाक्प्रचाराचा अर्थ त्यातल्या शब्दांत शोधून सापडत नाही. आपल्याकडेही तेच आहे. ‘पोटात कावळे ओरडतात’ हे कोणी शब्दशः इंग्रजीत सांगितले तर साहेब घाबरून डॉक्टरला बोलावील. ‘कानाला खडा लावला’ म्हटल्यावर तो कानात खडा शोधील. आपण ‘मुसळधार’ पाऊस म्हणतो, ते म्हणतात मांजरे-कुत्री पडत आहेत. आभाळातून मुसळेही पडत नाहीत आणि मांजरेही पडत नाहीत. तेव्हा इंग्रजी वाक्प्रचार कळला नाही, तर त्यात आपल्या बुद्धीचा दोष नसतो. ती त्यांच्या घरातली बोली आहे, आपण त्या घरात वाढलेलो नाही, एवढेच.

मग तो ओळखायचा कसा? माझी साधी खूण सांगतो. बोलण्यात एखादी वस्तू भलत्याच जागी आली की कान टवकारावेत. इस्पितळात रान कुठून आले? कचेरीत मोजे कुठून आले? आमच्या एका शिपायाला साहेब म्हणाले होते, "पुल अप युवर सॉक्स." तो बिचारा खाली वाकून मोजे ओढू लागला आणि सारे हसले. साहेबांना म्हणायचे होते, काम नीट कर, आळस झटक. हसणाऱ्यांपैकी एकानेही त्याला अर्थ सांगितला नाही. मी सांगितला. कारण अशी चूक कशी होते ते मला ठाऊक होते.

काही वाक्प्रचार तर आपल्या भाकरीशी जोडलेले आहेत. मालक म्हणाला, "वुई हॅव टु लेट यू गो," तर आज लवकर घरी जायला मिळाले असे समजू नये. त्याचा अर्थ नोकरी गेली. ‘गेट द सॅक’ म्हणजेही कामावरून काढले जाणे. कोणी ‘स्मॉल प्रिंट’ वाचा म्हणाले, तर कर्जाच्या किंवा विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेल्या अटी वाचायच्या. खरी गोम तिथेच असते. ‘इन ब्लॅक अँड व्हाइट’ म्हणजे लेखी. आमच्या ओळखीचा एक कामगार हे ऐकून काळ्या पैशाची भानगड समजला आणि घाबरला! वास्तविक आपल्याकडेही ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणतातच की. थकलेल्या पगाराबद्दल तोंडी आश्वासन मिळाले, तर ‘ब्लॅक अँड व्हाइट’मध्ये द्या असे म्हणायला प्रत्येकाने शिकावे.

इस्पितळातले शब्द मी वहीत वेगळे काढले आहेत. ‘अंडर द वेदर’ म्हणजे जरा बरे नाही, घाबरण्यासारखे काही नाही. ‘टच अँड गो’ ऐकायला हलके वाटते, पण अर्थ भारी आहे. काय होईल सांगता येत नाही, प्रकृती अगदी काठावर आहे, असा तो अर्थ. ‘टर्न्ड द कॉर्नर’ म्हणजे वाईट वेळ टळली, आता सुधारणा होते आहे. ‘बॅक ऑन हिज फीट’ म्हणजे पूर्ववत हिंडू-फिरू लागणे. ‘स्टेबल’ हा वाक्प्रचार नव्हे, तरी तोही चकवतो. स्टेबल म्हणजे प्रकृती आहे तशी आहे, वर-खाली होत नाही. ती चांगली आहे असा त्याचा अर्थ नव्हे. म्हणून तर पेशंट गंभीर असून स्टेबल आहे, असे डॉक्टर सांगू शकतात.

समजणे निराळे आणि वापरणे निराळे. वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, शब्द बदलू नयेत. ‘कॅट्स अँड डॉग्ज’च्या जागी गाय-म्हैस चालत नाही. दुसरी, आपला वाक्प्रचार शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेऊ नये. ‘डोके खाऊ नकोस’चे ‘डोन्ट ईट माय हेड’ केले तर आपल्यालाच कळेल, साहेबाला नाही. तिसरी, वेळ-काळ पाहावा. चाळीतल्या एका मुलाने गाइडातला वाक्प्रचार पाठ करून रजेच्या अर्जात लिहिले, "माय ग्रँडफादर किक्ड द बकेट." अर्थ बरोबर, आजोबा वारलेच होते. पण ती थट्टेची बोली आहे, आपल्या ‘गचकला’ शब्दासारखी. दुःखाच्या जागी ‘पास्ड अवे’ लिहावे किंवा सरळ ‘डाइड’. जिथे खात्री नसेल तिथे साधे वाक्य लिहावे. साध्या इंग्रजीला कोणी हसत नाही.

आता काळ बदलला आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. माझी मुलगी एका कंपनीत काम करते, तिथे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलावे लागते. पहिल्या महिन्यात ती रडकुंडीला आली होती. माझी वही तिच्या उपयोगी पडेना! कारण माझे इंग्रजी इंग्रजांचे. त्यांचे ‘स्टिकी विकेट’, म्हणजे अडचणीची परिस्थिती, क्रिकेटमधून आलेले आहे. पावसाने भिजून वाळत असलेल्या खेळपट्टीवर फलंदाजाची तारांबळ उडते, त्यावरून ते पडले. अमेरिकन माणूस बोलतो बेसबॉलचे. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा. बॉलपार्क हे बेसबॉलचे मैदान. ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेणे. जो समाज जसा जगतो, तशी त्याची बोली घडते. आपली मुसळ-जात्यातून आणि शेत-शिवारातून घडली. तिने मग नवी वही केली. या वेळी मी तिच्याकडून शिकलो.

एक गोष्ट मात्र तिने पहिल्या आठवड्यातच केली, जी मला पंचविशीत जमली नाही. समजले नाही की ती सरळ म्हणते, "सॉरी, व्हॉट डू यू मीन?" समोरचा रागावत नाही, उलट सोपे करून सांगतो. मी तिला म्हटले, "तुला लाज नाही वाटत?" ती म्हणाली, "पप्पा, न समजता ‘येस येस’ केलं तर चूक माझ्याच नावावर पडते."

आईला खरे काय घडले ते मी दहा वर्षे सांगितले नव्हते. १९९९ साली, ती अंथरुणाला खिळली असताना, एका दुपारी सांगून टाकले. वाटले, ती रडेल, बोल लावील. ती बराच वेळ भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुला न्हवतं कळलं तर इचारायचं व्हतंस, पोरा. इचारायला काय पैसं पडत्यात?"

तेवढेच बोलली. पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांना इंग्रजी जरूर शिकवा. रोज एक वाक्प्रचार वहीत लिहायला लावा. मूळ शब्द, खरा अर्थ, त्याला जवळचा मराठी वाक्प्रचार आणि तो कुठे वापरू नये, अशा चार रकान्यांत. वर्षात तीनशे पासष्ट होतील. पण त्या सगळ्यांच्या आधी ‘व्हॉट डू यू मीन?’ हे एक वाक्य त्यांच्या तोंडी बसवा. आणि घरातल्या मोठ्यांनीही डॉक्टरला, साहेबाला, बँकेतल्या माणसाला न लाजता सांगावे, "साहेब, मला हे समजलं नाही, मराठीत सांगा." पदवी भिंतीवर असली तरीही.