मर्माची जागा

विकर, म्हणजे एन्झाइम, हे एक प्रथिन. शेकडो अमिनो आम्लांची गुंडाळी झालेली माळ. प्रत्यक्ष काम मात्र त्यातल्या मोजक्या मण्यांपाशी चालते. या जागेला क्रियाशील केंद्र म्हणतात. ते शोधले कसे, हे वर्गात सांगताना मी नेहमी जरा रेंगाळते. पुरावा कशाला म्हणायचे, हे मुलांना तिथे चांगले कळते.

माझे आवडते उदाहरण ग्लुकोजच्या विघटनातले आहे. १९३० साली आयनार लुंड्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने दाखवले की, आयोडोॲसेटिक आम्ल दिलेले स्नायू काही वेळ आकुंचन पावतात, पण त्यांत लॅक्टिक आम्ल तयार होत नाही. विघटनाच्या साखळीतला एक दुवा या विषाने तुटत होता. तो दुवा म्हणजे ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे लांबलचक नावाचे विकर, हे पुढे कळले.

विष जिथे चिकटते तीच कामाची जागा, असे चटकन म्हणावेसे वाटते. पण दारात गाडी आडवी लागली की घरात सरपण जात नाही आणि चूल विझते; म्हणून चूल दारात मांडली होती असे कुणी म्हणत नाही.

१९६३ साली केंब्रिजमध्ये इयुआन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन असलेले तेच विष वापरले, विकराचे तुकडे केले आणि खूण कोणत्या तुकड्यावर उमटली ते पाहिले. खूण सिस्टीन या अमिनो आम्लावर होती. पुढे माळेतला त्याचा क्रमांक १४९ ठरला. चारच घरे पलीकडे, १५३ वर, दुसरे सिस्टीन आहे. त्याला विषाने हात लावला नव्हता. दुसरा पुरावा अधिक मोलाचा. हे विकर काम करताना कच्च्या मालाला क्षणभर आपल्या गंधकाशी जोडून घेते, असा अंदाज आधीपासून होता. कच्च्या मालाऐवजी एक साधा एस्टर दिला, तेव्हा त्याचा ॲसिटिल गट त्याच सिस्टीनवर येऊन बसलेला सापडला. १९७३ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातील मायकल रॉसमन यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने लॉबस्टरच्या विकराची घडण उलगडली. तीन वाटा एकाच जागी येऊन मिळाल्या.

१९६७ मध्ये लॉबस्टरच्या आणि १९६८ मध्ये डुकराच्या या विकराचा पूर्ण क्रम लागला. एकाची माळ ३३३ मण्यांची, दुसऱ्याची ३३२. इतरत्र बरेच फरक आहेत. पण १४९ च्या आसपासचे मणी दोघांत सारखे. यीस्टमध्ये तेच, माणसातही तेच.

एकदा तास संपल्यावर एक मुस्लिम विद्यार्थी थांबला. हलक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, डुकराचं आणि आपलं इतकं सारखं असेल, तर ते हराम कशासाठी?” त्याच्या मोहल्ल्यात वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकांत हराम-हलालची ‘वैज्ञानिक कारणे’ छापलेली असत. ती त्याला पाठ होती आणि आता डळमळली होती.

मी म्हटले, “ते हराम आहे, कारण कुरआनात तसं सांगितलंय. प्रयोगशाळेनं ते सिद्ध केलं नाही आणि खोटंही पाडलं नाही. पुस्तिकेतलं कारण मात्र तपासून बघ. विष चिकटलं एवढ्यावर हॅरिस थांबले नव्हते.”

माझे माहेर कोकणातले, शाफई. तिथे शेवंड हौसेने खातात. सासर मराठवाड्यातले, हनफी. तिथे ती ताटात येत नाही. सिस्टीन तेच असले तरी या मतभेदात रसायनशास्त्राला कुणी पंच नेमलेले नाही. दोन्ही घरांत मी सुखाने जेवते.

माझ्या उत्तराने त्या मुलाचे पूर्ण समाधान झाले असे वाटले नाही. पण पुढच्या तासाला त्याने हात वर केला. “मॅडम, १५३ ला विष का चिकटत नाही?” मी फळ्यावर १४९ च्या शेजारी १७६ वे हिस्टिडीन काढले. त्याच्या संगतीत १४९ चे गंधक प्रोटॉन सोडते आणि कामाला तत्पर होते. १५३ ला तशी संगत नाही. तो ते वहीत उतरवून घेत होता.