रोहिणीचे पाणी आणि धम्माचा आरंभ

बौद्ध धर्माचा उगम आणि त्याची मूलतत्त्वे सर्वसामान्य वाचकाला समजतील अशा भाषेत मांडावीत, ही दिवाळी अंकाच्या संपादकांची अपेक्षा रास्त आहे. परंतु उगमाविषयीचा पहिलाच प्रश्न, म्हणजे सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले हा, बहुतेक लोकप्रिय लेखनात एका ओळीत उरकला जातो आणि पुढच्या सगळ्या गैरसमजांची सुरुवात तिथेच होते. लोधीखेडा, सौसर, पांढुर्णा या मध्य प्रदेशातील मराठीभाषक पट्ट्यात या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारीशेजारी नांदत आली आहेत. हिंदी शाळेत मुलाला म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दृश्यांची गोष्ट कळते. तर वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या तीन महिन्यांत, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाचे वाचन ऐकताना त्याच मुलाला सिद्धार्थाचे शाक्य कुळ आणि शेजारचे कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा कळतो. मग एक पक्ष पहिलीला भाकडकथा म्हणतो, दुसरा पक्ष दुसरी कथा बाबासाहेबांनी रचली असे म्हणतो, आणि मूळ पाली ग्रंथ दोघेही उघडत नाहीत.

या पट्ट्याचा नव्या धम्माशी आलेला संबंध परक्या राज्यातून आलेला नव्हता, हे आज विसरले गेले आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, कुशीनगरचे भदंत चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि हा पट्टा ज्यात मोडत असे तो छिंदवाडा जिल्हा त्याच राज्यात होता. राज्यपुनर्रचनेची रेषा 1 नोव्हेंबर 1956 रोजी, म्हणजे अठरा दिवसांनी, पडली. 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला त्यांना ग्रंथकर्त्याला एकही शंका विचारता आली नाही, आणि ती उणीव विद्वानांनी भरून काढायला हवी होती, ती पुरेशी भरली गेली नाही.

या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न उभे केले आहेत व त्यांतला पहिला गृहत्यागाचा आहे: एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटण्याजोगे नाही. त्यांच्या मांडणीनुसार सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद झाला, सभासदत्वाच्या आठव्या वर्षी सेनापतीने कोलीयांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडला असता त्याने विरोध केला, आणि बहुमत विरोधात गेल्यावर त्याने परिव्रज्या, म्हणजे घर सोडून फिरस्त्या श्रमणाचे जीवन, पत्करली.

पाली ग्रंथांची साक्ष येथे सावकाश तपासावी लागते. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात, म्हणजे प्रवचनात, गौतम स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतो, तेथे चार दृश्ये नाहीत आणि रोहिणीही नाही. आईवडील रडत असताना तरुण वयात केस उतरवून बाहेर पडल्याचे तेवढे सांगितले आहे. चार दृश्यांची कथा दीघनिकायाच्या महापदान सुत्तात येते, पण विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाविषयी; ती गौतमाच्या चरित्रात स्थिरावली निदानकथा, ललितविस्तर आणि अश्वघोषाचे बुद्धचरित यांसारख्या नंतरच्या ग्रंथांत. रोहिणीचा तंटा बाबासाहेबांनी रचलेला नाही. तो अट्ठकथांत, म्हणजे सुत्तांवरील जुन्या टीकांत, स्पष्ट आहे. मात्र तेथे बुद्ध बोधीनंतर, म्हणजे ज्ञानप्राप्तीनंतर, येऊन दोन्ही पक्षांना समजावतो, आणि त्या प्रसंगी त्याने सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्त सांगितले, असे कुणालजातकाच्या अट्ठकथेत म्हटले आहे. अत्तदंड सुत्त अट्ठकवग्गातले, म्हणजे त्रिपिटकाच्या प्राचीनतम मानल्या जाणाऱ्या थरातले. त्यात शस्त्र उचलल्यामुळे भय उपजते, आणि आपसांत झगडणारी माणसे पाहून आपल्याला वैराग्य कसे आले, हे बुद्ध स्वतः सांगतो. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात याच सुत्ताच्या आधारे गृहत्यागाचा विचार केला होता. तेव्हा प्रसंगाचा काळ बदलला गेला हे मान्य करूनही, गृहत्यागाचे कारण मात्र जुन्या थरातले आहे, असा निर्णय द्यावा लागतो.

हा वाद केवळ चरित्राचा नाही, कारण गृहत्यागाचे कारण जसे समजावे तशी चार आर्यसत्ये वाचली जातात. सारनाथला पाच परिव्राजकांना दिलेल्या पहिल्या प्रवचनात दुःख, दुःखाचे कारण तृष्णा, त्याचा निरोध आणि निरोधाकडे नेणारा आर्य अष्टांगिक मार्ग (सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी) ही मांडणी येते. चार दृश्यांच्या कथेतून पाहिल्यास दुःख म्हणजे जरा, व्याधी, मरण एवढेच उरते आणि धम्म निराशावादी ठरतो. हा आरोप ऐकून ऐकून पालीचे अभ्यासक थकले आहेत, कारण तिसरे सत्य दुःख संपते असेच सांगते. स्वतः बाबासाहेबांनीही चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली आहेत काय, अशी शंका घेतली होती. ती शंका टिकणारी वाटत नाही, आणि तिचे उत्तर दीघनिकायाच्या महानिदान सुत्तात आहे. तेथे प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे अमुक असल्यामुळे तमुक होते हा कार्यकारणनियम, एका वेगळ्या वाटेने नेला आहे: तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, मग निवड, आसक्ती, परिग्रह, कंजूषपणा, राखण, आणि राखणीतून काठ्या, शस्त्रे, भांडणे, खोटेपणा. म्हणजे दुसऱ्या आर्यसत्यातली तृष्णा आणि रोहिणीकाठचा तंटा हे एकाच साखळीचे दुवे आहेत, आणि बाबासाहेबांची सामाजिक मांडणी व परंपरेची आर्यसत्ये यांना परस्परविरोधी मानण्याचे कारण उरत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार, म्हणजे परंपरेची दगडफेक, पाहणाऱ्या या भागाला दोन काठ समोरासमोर उभे ठाकतात म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नसावी, जरी तिथले कारण पाण्याचे नसले तरी.

उरलेली तत्त्वे याच पायावर उभी आहेत. अनित्य म्हणजे सर्व घडलेल्या गोष्टी बदलतात. अनात्म म्हणजे त्या बदलामागे न बदलणारा आत्मा नाही. पंचशील हे देवाची आज्ञा नसून प्राणघात, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्य यांपासून दूर राहण्याचा माणसाने स्वतः घेतलेला निश्चय आहे. आत्मा नसताना पुनर्जन्म कोणाचा, या प्रश्नावर मतभेद आहेत आणि ते येथे मिटणार नाहीत.

लोधीखेडा आणि सौसरच्या विहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की गृहत्यागाचे प्रकरण वाचताना अरियपरियेसन, अत्तदंड आणि महानिदान ही तीन सुत्तेही वाचावीत. भदंत आनंद कौसल्यायन यांनी केलेला बाबासाहेबांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद मूळ पाली संदर्भांसह उपलब्ध असल्याने, मराठी घर आणि हिंदी शाळा असलेल्या मुलांना मूळ ग्रंथांकडे जाणारी ती वाट आजच खुली आहे.