दम

आपल्या मराठीत 'दम' हा शब्द फार कामाचा आहे. जिना चढला की दम लागतो, मोठी माणसं लहानांना दम देतात, एसटी वेळेवर आली नाही तर आपण दम धरतो, आणि एखाद्यात आता काही उरलं नाही असं सांगायचं असेल तर "त्याच्यात दम नाही" म्हणून मोकळे होतो. श्वास आणि ताकद या दोन्हींना एकच शब्द. इंजिनाच्या बाबतीत तर तो अगदी चपखल बसतो, कारण इंजिनाची ताकद म्हणजे शेवटी त्याचा श्वासच. जेवढी हवा आत जाईल तेवढंच डिझेल नीट जळणार.

टर्बो हेच काम करतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने याचं पेटंट १९०५ साली घेतलं. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं एक इंजिन पाइक्स पीक नावाच्या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर नेऊन दाखवून दिलं, की टर्बो असेल तर विरळ हवेतही इंजिनाची ताकद कमी होत नाही.

आपल्याला एवढ्या लांब जायला नको. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, सातारा ७०० च्या आसपास आणि कास पठार १,२०० च्या. कासला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे १३ टक्के कमी असतो. बिनटर्बोची गाडी तिथे तेवढी हवा कमीच घेते. टर्बोवाली भरपाई करते, अर्थात टर्बो धड असेल तर.

हे पुराण लावायचं कारण म्हणजे बाबांची गाडी. २०१२ सालची टर्बो डिझेल. बाबा ७६ वर्षांचे, राहायला सांगलीला. महिन्यातून एकदा आष्टा, पेठ नाका, कराड करत सुमारे १२० किलोमीटर चालवत माझ्याकडे साताऱ्याला येतात. सोबत आई, एक पिशवी बेदाणे आणि सूचनांचा साठा.

गेल्या वर्षभरात त्यांना यायला उशीर होऊ लागला. ट्रकच्या मागे लागले की मागेच राहायचे. आई म्हणाली, "हल्ली ओव्हरटेकच करत नाहीत." बाबा स्वतः म्हणाले, "पूर्वीसारखा पाय चालत नाही माझा. पेठ नाक्यावर चहा घेतला की जरा तरतरी येते, मग बरं वाटतं."

झालं! पुण्याच्या भावाने फोनवर निकाल दिला, की वय झालं, आता गाडी विकून टाका. आत्यांचं मत तेच (आत्या, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे :-)). सांगलीच्या एका गॅरेजने दोन मिनिटं गाडी फिरवून "टर्बो गेलाय, ४०,००० लागतील" असं सांगितलं, त्यामुळे विकण्याच्या बाजूला आणखी वजन आलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं हे न बोलणं मला जास्त लागलं. आयुष्यभर स्वतःच्या गाडीने हिंडलेला माणूस स्वतःच्या पायावर शंका घ्यायला लागला होता.

मला मात्र तो चहा खटकत होता. चहाने माणसाला तरतरी येईल हो, पण पाऊण तास रेंगाळणारी गाडी चहानंतर पळायला कशी लागेल?

साताऱ्यातल्या आमच्या मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "ताई, चहा काकांनी घेतला, पण गाडी बंद करून चालू केली ना?" गोष्ट अशी, की टर्बोचा दाब मागणीपेक्षा फार कमी पडला, की गाडीतला कॉम्प्युटर घाबरून इंजिनाची ताकद आखडती घेतो. चावी फिरवून पुन्हा चालू केली, की बऱ्याच गाड्यांत तो सगळं विसरून नव्याने सुरुवात करतो. म्हणजे तरतरी यायची ती गाडीला.

"मग टर्बो गेलाय का?" मी विचारलं.

"गेलाय म्हणायला काय लागतंय? बघूया की आधी."

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं, म्हणून क्रमाने लिहिते. आधी एअर फिल्टर पाहिला. ठीक होता. मग स्कॅनर लावला. पी०२९९ असा कोड होता, म्हणजे दाब कमी पडतोय. पण दाब कमी पडतोय हे आम्हालाही माहीत होतं. का पडतोय ते कोड सांगत नाही. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तेव्हा दाबाच्या सेन्सरने ९३ किलोपास्कल दाखवले. साताऱ्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब तेवढाच असतो, म्हणजे निदान सेन्सर थापा मारत नव्हता.

मग आम्ही तिघं यवतेश्वरच्या घाटात. गाडी बाबा चालवत होते, स्कॅनर माझ्या मांडीवर, मिस्त्री मागे काच खाली करून कान देऊन. हलक्या पायाने चालवलं तर मागणी आणि पुरवठा जुळत होते. चढावर पाय दाबला की मागणी २२० ची आणि मिळायचे १५०. त्यातले ९३ तर बाहेरच्या हवेचेच! शिवाय एक बारीक 'फुस्स' आवाज आणि मागे काळा धूर.

"काका, पाय तुमचा बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले. बाबांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

खाली आल्यावर उरलेल्या शक्यता एकेक करून गाळल्या. टर्बोच्या पात्यांचा कोन बदलणारा डबा व्हॅक्युमवर चालतो. हातपंपाने व्हॅक्युम दिला, तर दांडी सुरळीत हलली आणि काटा जागेवर राहिला. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून पंख्याचा दांडा हलवून पाहिला. आडवा किंचित हलतो तो हलणारच, तिथे तेलाचा थर असतो; मागेपुढे हलत नव्हता आणि पाती कुठे घासलेली नव्हती.

शेवटची परीक्षा घरगुती. प्लंबिंगच्या दुकानातलं पीव्हीसीचं टोपण, त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. ते टर्बोच्या तोंडावर घट्ट बसवलं, इंजिनाच्या वाफेची नळी बंद केली, बेताची हवा भरली आणि सगळ्या होजवर साबणाचं पाणी सोडलं. टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या होजच्या खालच्या बाजूला, क्लिपच्या जवळ, जिथे तेल आणि धुळीचा चिखल जमला होता, तिथे फेस आला. बोटभर चीर. एरवी मिटलेली, जोर आला की उघडणारी.

होज १,८०० रुपयांचा. ४०,००० चा टर्बो तसाच आहे.

मला राहून राहून वाटतं, की "वय झालं" हे निदान नव्हे. दम लागतो म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाची छाती न तपासताच डॉक्टर असं म्हणाले तर आपण भांडू. घरात मात्र आपणच ते सहज म्हणतो आणि ज्याच्याबद्दल म्हणतो तो ते खरं मानून बसतो.

पण मग हाच न्याय बाबांनाही लावायला हवा होता. गाडी तपासली, तर चालवणाराही तपासून घेऊ, असं मी म्हटलं. ते पटकन तयार झाले, याचंच मला आश्चर्य वाटलं. मिरजेला डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, ऑपरेशनची घाई नाही. समोरच्या दिव्यांनी अंधारल्यासारखं होतं, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आम्ही काय म्हटलं असतं ते त्यांना ठाऊक होतं.

आता रात्री चालवायची नाही असं त्यांनीच ठरवलंय. सकाळी सातला निघतात, दहाच्या आत साताऱ्यात. ऑपरेशन कधी करायचं, गाडी किती वर्षं ठेवायची, हे प्रश्न आहेतच. पण पुढच्या वेळी भाऊ पुण्याहून येईल तेव्हा समोरासमोर बसून, बाबांना विचारून ठरवू, एवढं मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. असो. बेदाणे संपत आलेत, म्हणजे त्यांची यायची वेळ झाली.