शत्रूच्या ओठी पाणी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर तौरंगा नावाचे बंदराचे शहर आहे. ऑकलंडहून मोटारीने आम्ही तेथे गेलो. शहरातल्या मोठ्या रस्त्याला कॅमेरॉन या इंग्रज सेनापतीचे नाव दिले आहे. आणि गंमत पाहा, याच रस्त्यालगतच्या टेकडीवर 29 एप्रिल 1864 रोजी त्याच्या फौजेने सपाटून मार खाल्ला! टेकडीचे माओरी नाव पुकेहिनाहिना. इंग्रज तिला गेट पा म्हणतात. पा म्हणजे माओरींची गढी. आता तेथे एक चर्च आहे, हिरवळ आहे, कोरीव खांब आहेत.

भांडण जमिनीचे होते. कॅमेरॉनकडे सुमारे 1700 सैनिक आणि मोठमोठ्या तोफा. गढीत माओरी जेमतेम 230 च्या आसपास. इंग्रजांची 43 वी पलटण तर आपल्या कलकत्त्याहूनच तिकडे नेलेली! दिवसभर तोफा धडाडल्या, पण माओरी जमिनीखालच्या खंदकांत दबा धरून बसले. दुपारी चारच्या सुमारास गोरे आत घुसले आणि बंदुकांच्या तोंडी सापडले. शंभराहून अधिक ठार वा जखमी झाले, उरलेले पळाले.

गढीत जखमी गोरे तहानेने तळमळत होते. त्यांत कर्नल बूथ होता. हेनी ते किरी करामू ही 23-24 वर्षांची बाई स्वतः बंदूक घेऊन लढलेली. ती खंदकाबाहेर आली, भांड्यातले पाणी तिने बूथला पाजले, मग इतरांनाही पाजले. रात्री माओरी गढी सोडून गेले. बूथ पुढे जखमांनी मेला.

हे त्या क्षणी सुचले म्हणून घडले, असे कुणी समजू नये. महिनाभर आधी, 28 मार्च रोजी, माओरी नायक राविरी पुहिराके याने लढाईचे नियम इंग्रजांना लेखी कळवले होते. शरण आलेल्या जखमीला वाचवायचे, नि:शस्त्र गोऱ्यांना, बायकामुलांना हात लावायचा नाही. हे नियम घडवण्यात मिशनच्या शाळेत शिकलेल्या हेनारे ताराटोआचा हात होता.

इंग्रजांनी काय केले? 21 जून 1864 रोजी ते रांगा येथे खंदक अर्धवट असतानाच माओरींना गाठले. शंभरावर माओरी पडले. पुहिराके गेला, ताराटोआही गेला. त्याच्या अंगावर नियमांचा कागद सापडला, त्यात शत्रू तहानलेला असेल तर पाणी द्यावे अशा अर्थाचे बायबलातले वचन होते. पुढे सरकारने तौरंगातील सुमारे 50 हजार एकर जमीन आपल्याकडे ठेवली. पाण्याची ही किंमत!

हेनी 1933 पर्यंत जगली. शहरातल्या जुन्या मिशन दफनभूमीत पुहिराकेचे 1914 चे स्मारक आहे. त्यावर जखमी सैनिकाला पाणी देतानाचा प्रसंग कोरला आहे. बूथची कबरही तेथेच आहे. आम्ही दोन्हीकडे गेलो.