बरं वाटतंय म्हणू नकोस, रिपोर्ट दाखव

धुळे

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला. बायोप्सीत ‘लुपस नेफ्रायटिस, वर्ग चार’ निघालं आणि तू म्हणतेस, सांधे दुखायचे थांबले, आता गोळ्या कमी करू. माय, सांध्यांवरून किडनीचा अंदाज लावू नकोस. सांधे बोंब मारतात, किडनी गप्प राहते. किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी रक्तातलं क्रिएटिनिन बरेचदा नॉर्मलच दिसतं. आधी बोलते ती लघवी.

माझी उभी नोकरी लॅबमध्ये गेली. पूर्वी परीक्षानळीतल्या लघवीचा वरचा भाग आम्ही दिव्यावर तापवायचो. गढूळ झाली की अ‍ॅसिटिक आम्लाचे थेंब टाकायचे. निवळली तर फॉस्फेट, नाही निवळली तर प्रथिन. आता यंत्र आकडा देतं. प्रथिन दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या आत असावं. लुपसमध्ये ५०० च्या वर गेलं की बायोप्सीचा विषय निघतो. लघवीला फेस येणं, पाय सुजणं, बीपी चढणं, ही किडनी बिघडल्याचीच लक्षणं.

एकेका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. लुपसमध्ये तुझीच प्रतिकारशक्ती तुझ्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्ध प्रतिपिंडं बनवते आणि त्यांचे पुंजके तिथे अडकून दाह करतात. वर्ग चार म्हणजे निम्म्या किंवा जास्त गाळण्यांत दाह. घाबरवत नाही, औषधांनी तो आटोक्यात येऊ शकतो, पण त्याला महिने लागतात.

स्टेरॉइडने चेहरा गोल झाला म्हणून गल्लीतल्या बाया बोलतात ना? बोलू देत. डोस उतरला की चेहराही उतरतो. मात्र ती गोळी एकदम बंद केलीस तर जिवावर बेतेल. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तर वर्षानुवर्षं चालायची, फक्त डोळे तपासून घेत जा. मार्च २०२० मध्ये कोरोनावरचं औषध म्हणून तिच्यावर अशी झुंबड उडाली की सरकारला निर्यात थांबवावी लागली. कोरोनाला तिचा उपयोग झाला नाही. लुपसवाल्यांना मात्र दुकानोदुकानी फिरावं लागलं. म्हणून महिन्याची घरात शिल्लक ठेव.

दोंडाईच्याच्या उन्हाचं तुला मी काय सांगू! पण हे ऊन लुपस भडकवतं. मिरची मार्केटात आप्पांचा हिशेब लिहायला जायचं तर सकाळीच जा, पूर्ण बाह्यांचं घाल, स्कार्फ बांध. आणि आप्पांची गुडघेदुखीची गोळी चुकूनही घेऊ नकोस, किडनीला ती बाधते.

ताईला खरी काळजी लग्नाची आहे. तिला सांग, लुपस असलेल्या बायकांना मुलं होतात. त्याआधी आजार निदान सहा महिने शांत हवा. मायकोफेनोलेट हे लुपसवरचं औषध गर्भाला घातक, म्हणून ते गर्भ राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांनी बदलून द्यावं लागतं. मुलाकडच्यांपासून लपवू मात्र नका. लपवलं की सासरी चोरून गोळ्या घेणं आलं, आणि चोरून घेतलेल्या गोळ्या चुकतातच.

सकाळच्या पहिल्या लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर काढ आणि कागदाचा फोटो मला पाठव. आधीचे कागदही फेकू नकोस, मला ते शेजारी ठेवून पाहायचेत.

तुझी,
मावशी